तारखेपुढचं ‘अंदाजे’

माझ्या आईला वाचता येत नव्हतं, पण ठाण्यात कुठल्या दारात कुठलं म्हावरं न्यायचं हे तिला तोंडपाठ होतं. टेंभी नाक्याच्या बाजूला जी यहुदी घरं होती तिथे खवल्याचंच चालायचं. बोय, रावस, पापलेट, आणि नशीब असेल तर खाडीतला जिताडा. कोळंबी, चिंबोरी, शिंगाळी त्या दारासमोर टोपलीतून वरही काढायची नाही. शुक्रवारी ती घरं आधी, बाकीचं ठाणं नंतर, कारण शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शनिवार लागतो आणि चूल बंद. हे सगळं आई कुणाला विचारून नाही, दारात उभी राहून शिकली होती.

आम्ही कोलशेतचे. खाडी घराच्या मागे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि बी.एस्सी. झालेली आमच्या आळीतली पहिली मुलगी. हे मी मान खाली घालून सांगणार नाही. रसायनशास्त्र घेतलं, सेकंड क्लास मिळाला, आणि निकालाच्या दिवशी आईने शेजारी पेढे नाही, जिताड्याचे तुकडे वाटले. “पेढं कोनीपन वाटतंय,” म्हणाली.

गावाच्या कडेला कापडाचे रंग बनवणारा एक कारखाना होता, तिथल्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. ऐंशीचं दशक निम्मं सरलेलं. यंत्रं जर्मनीची, त्यांची माहितीपुस्तकंही जर्मन. मॅनेजरसाहेबांनी विचारलं, कंपनीच्या खर्चाने मुंबईला जाऊन भाषा कोण शिकेल? क्लास शनिवारी दुपारी. पुरुष मंडळींनी एकमेकांकडे बघितलं. मी हात वर केला. दोन वर्षं शिकले. परीक्षा दिली, त्यात मात्र फर्स्ट क्लास.

आईला ह्यातलं एवढंच कळलं की पोर गोरीबायची भाषा शिकतेय.

गोरीबाय म्हणजे यहुदी घरांतली एक म्हातारी. बाकीची यहुदी माणसं आपल्यासारखीच, पिढ्यान्‌पिढ्या कोकणातली, मराठी बोलणारी, बेने इस्रायल. ही एकटी व्हिएन्नाची. दुसऱ्या महायुद्धाच्या आधल्या वर्षी बावीस वर्षांची असताना मुंबईत एका डॉक्टरांकडे मुलं सांभाळायला आली, पुढे रेल्वेतल्या एका बेने इस्रायल गार्डशी लग्न करून ठाण्यात राहिली. पातळ नेसायची, भाकरी थापायची, मराठी फडाफडा बोलायची, फक्त तिच्या बोलण्यात बाई, पुरुष, वस्तू यांचा कायम गोंधळ. “तुझा आई आला का?” असं विचारायची. पन्नास वर्षांत कुणी सुधारलं नाही आणि तिनेही मनावर घेतलं नाही. मी तिला आंटी म्हणायचे.

एका शुक्रवारी मला सुट्टी होती म्हणून आईबरोबर गेलेले. आई तिच्या ओट्यावर बोय साफ करत बसली आणि मान वर न करता म्हणाली, “माझी पोर तुमची बोली शिकलीय.”

“माझा बोली? मराठी?”

“नाय गो बाय. तुमची ती मुळातली.”

आंटीने जर्मनमध्ये मला काहीतरी विचारलं, बहुतेक कुठलं पुस्तक लावलंय ते. मी उत्तर दिलं. ती हसायला लागली, ओट्याचा खांब धरून हसली.

“अगं, असं कुठला माणूस बोलत नाही. तू पाण्याच्या पंपासारखा बोलतेस.”

“पंपाचंच पुस्तक आहे आंटी.”

“तरी म्हटलं.” मग आईला म्हणाली, “पण चूक नाही काढता येणार. पंप चांगला चालतो.”

आईने त्या दिवशी एक बोय फुकट दिली.

मी परत कधी येणार, असं आंटी दोन-तीन शुक्रवार आईला विचारत राहिली. शेवटी गेले तर तिने टेबलावर एक छापील फॉर्म ठेवला होता. सिनेगॉगमधलं कुणीतरी इस्रायलला नातेवाइकांकडे जाऊन आलेलं, त्यांनी आणून दिलेला. जर्मनीत एक कचेरी आहे, तिथे लढाईच्या काळातल्या छळछावण्यांमधल्या कैद्यांची कार्डं सांभाळून ठेवलीत, आणि नातेवाइकांनी लिहिलं तर ते शोधून नक्कल पाठवतात, असं त्यांनी सांगितलं होतं.

आंटीचा एक धाकटा भाऊ होता. ती निघाली तेव्हा एकोणीस वर्षांचा, घड्याळं दुरुस्त करायला शिकत होता. आई-वडील आधीच वारलेले. “पैसे साठवून तुला बोलावते,” असं सांगून ती बोटीत बसली. वर्षभर त्याची पत्रं आली, मग नाही आली. लढाई संपल्यावर तिने चौकशी केली, तेव्हा ‘नोंद सापडली नाही’ एवढं एका ओळीचं उत्तर आलं. त्या दिवसापासून तिने जर्मनमध्ये एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

“आकडे अजून त्याच भाषेत मोजतो मी,” ती म्हणाली. “ते सुटत नाही. पण त्या लोकांना त्या भाषेत अर्ज? नाही करणार. आणि इंग्रजीत लिहिला तर पुन्हा एक ओळ येईल. तू लिही.”

तिला काय हवं होतं ते तिने सरळ सांगितलं. भाऊ जिवंत असेल अशी आशा तिला उरलेली नव्हती. तिला तारीख हवी होती. त्यांच्यात माणूस ज्या दिवशी गेला त्या दिवशी दर वर्षी संध्याकाळपासून दिवा लावतात, तो पुरा दिवस जळतो, आणि दहा पुरुष जमवून प्रार्थना म्हणतात. तिच्या नवऱ्याचा दिवा ती दर वर्षी लावायची. “ह्याला तारीख आहे,” नवऱ्याच्या फोटोकडे बोट करून म्हणाली. “माझ्या भावाला तारीख नाही. पन्नास वर्षं तो उपाशी आहे असं वाटतं.”

मी फॉर्म भरायला घेतला. नाव, आडनाव, शेवटचा पत्ता, आई-वडिलांची नावं. जन्मतारीख विचारल्यावर तिने पटकन सांगितली, डिसेंबरातली. आणि इथे मी जे केलं ते सांगायचं म्हणून तर हे सगळं लिहितेय.

माझी जन्मतारीख एक जून आहे. माझ्या भावाची एक जून, माझ्या काकाची एक जून. शाळेत नाव घालायला गेलं की मास्तर विचारायचे, जन्म कधीचा? आई-बाप सांगणार, नारळी पुनवेच्या आसपास, नाहीतर ज्या साली होडी फुटली त्या साली. मास्तर एक जून लिहून मोकळे, शाळा जूनमध्ये सुरू होते ना. त्यामुळे कागदावरची जन्मतारीख खरी असते ही कल्पनाच मला नव्हती. मी विचार केला, म्हातारीला आज आठवतेय ती तारीख वेगळी, तिकडच्या कागदावर कुणी मास्तराने घातली असेल ती वेगळी. एवढ्यावरून माणूस हुकायला नको. म्हणून तिने सांगितलेल्या तारखेपुढे मी जर्मनमध्ये ‘अंदाजे’ असा शब्द लिहिला. तिला विचारलं नाही. मोतीबिंदूमुळे तिला तेवढं बारीक दिसतही नव्हतं. मला वाटलं, किती हुशारीने केलं.

उत्तर यायला दीड वर्ष लागलं. मोठं पाकीट, आत पत्र आणि एका कार्डाची नक्कल, पुसट, एकाच बाजूची. वरती कैद्याचा नंबर, खाली नाव. नाव तेच, आडनाव तेच, गाव व्हिएन्ना. छावणीत कधी आणला, आणि तिरप्या शिक्क्याने कधी मेला. मी तिच्या टेबलाशी बसून एकेक रकाना मोठ्याने वाचला. नुसतं नाव वाचलं तेव्हाच तिने माझा हात धरला होता.

“जन्म?” तिने विचारलं.

मी वाचला. दिवस वेगळा, महिना मार्च, वर्षही दोनाने आधीचं.

“नाही,” ती म्हणाली. “तो डिसेंबरचा. बर्फ होतं. मला मावशीकडे पाठवलेलं.”

“आंटी, कागदावर असंच असतं,” मी म्हणाले, आणि तिला एक जूनची सगळी कथा सांगितली. माझी, भावाची, काकाची. आणि ही जर बिचारी गेल्या महिन्यात बोटीतून उतरलेली असती तर तिने मला वेड्यात काढलं असतं. पण ती पन्नास वर्षं ठाण्यात राहिलेली. तिला नवरा आठवला. “माझ्या माणसाचं पण तसंच,” ती म्हणाली. “रेल्वेच्या कागदात दोन वर्षं लहान. दोन वर्षं नोकरी जास्त मिळाला.” आणि ती हसली, आणि मग डोळे पुसले.

धंदा ‘मजूर’ लिहिला होता. मी म्हटलं, छावणीत घड्याळं कशाला दुरुस्त करतील, मजूरच लिहिणार. उंची जरा जास्त वाटली तिला. मी म्हटलं, तुम्ही निघालात त्यानंतर वाढला असेल. प्रत्येक खड्ड्यावर मी फळी टाकत गेले आणि ती माझ्या भरवशावर त्यावरून चालत गेली.

सिनेगॉगमध्ये प्रार्थना सांगणारे हजान होते, त्यांनी त्यांच्या पंचांगात ती तारीख बसवून दिली. दिवा लागला. दहा पुरुष जमले. आंटीने पोहे, गूळ, खोबरं आणि फळं घालून मलिदा केला आणि माझ्या घरी डबा पाठवला. आई अख्ख्या कोलशेतला सांगत सुटली, “पन्नास वरसं कोनाला गावला नाय, तो माझ्या पोरीनं शोधला.” मीही ऐकून घ्यायचे. कशाला खोटं बोलू, छाती फुगायची. पुढच्या वर्षीही दिवा लागला.

मध्यंतरी माझं लग्न झालं आणि मी डोंबिवलीला राहायला गेले. नोकरी तीच होती.

आमच्या प्रयोगशाळेत आम्ही अकरा जण, त्यांत सहा जणांचे वाढदिवस एक जूनला. त्यामुळे त्या दिवशी सहा जणांत एक केक आणायची पद्धत पडली होती. त्या वर्षी जर्मनीहून एक इंजिनिअर यंत्र बसवायला आला होता. त्याच्या हातात केकचा तुकडा दिला. कुणाचा वाढदिवस, त्याने विचारलं. सहा हात वर झाले.

“सगळ्यांचा? आजच?”

आमचा स्टोअरकीपर म्हणाला, “हो साहेब, सहाही जुळे आहोत. आई दमली बिचारी.”

सगळे हसले. इंजिनिअरला कळेना, म्हणून मी त्याला त्याच्या भाषेत एक जूनची गोष्ट सांगितली. तो हसला नाही. कपाळाला आठ्या घालून विचारायला लागला, म्हणजे तुमच्या कागदावरची तारीख खोटी? सरकारला चालतं? मी म्हटलं, तुमच्याकडेही जुन्या माणसांचं असंच असेल की. तो म्हणाला, छे. आमच्याकडे मूल झालं की आठवड्याच्या आत कचेरीत जाऊन लिहावं लागतं. माझ्या आजोबांचीसुद्धा तारीख बरोबर आहे. तासासकट.

“व्हिएन्नाला पण?”

“तिथे तर त्याहून आधीपासून,” तो म्हणाला, आणि दुसरा तुकडा घेतला.

माझ्या हातातला केक तसाच राहिला. मला तेवढ्यात सगळं कळलं. डिसेंबर म्हणजे डिसेंबरच. कार्डावर मार्च होता म्हणजे तो दुसराच कुणी होता, त्याच नावाचा, दोन वर्षांनी मोठा, उंच, खरोखरचा मजूर. आणि तो शोधून काढणाऱ्यांची काही चूक नव्हती. मीच ‘अंदाजे’ लिहून दिलं होतं, त्यांनी अंदाजे माणूस पाठवला.

तिसऱ्या दिवशी कारखान्यातून डोंबिवलीला न जाता आईकडे गेले. ती जाळं विणत बसली होती. तिला सांगितलं. आणि हेही सांगितलं की म्हातारीला आता दिवा लावून बरं वाटतंय, डोळ्यांना दिसत नाही, सत्तरी कधीच उलटलीय, मी गप्प राहिले तर कुणाला कळणार आहे?

आईने सुई खाली ठेवली. “आपल्या हातून शिळा म्हावरा गेला तं काय करताव आपुन?”

मला उत्तर माहीत होतं. लहानपणापासून बघितलेलं. दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन आधी त्या दारात जायचं. गिऱ्हाईक बोलायच्या आधी आपण बोलायचं.

“मग? इकरं कनाला रडतंस? तिकरं जा.”

“तू येतेस?”

“मी कनाला येऊ? म्हावरा तुझा हाय.”

शुक्रवार नव्हता, त्यामुळे मला बघून आंटी चमकली. मी उभ्या उभ्या सांगितलं. बसले असते तर जमलं नसतं. ‘अंदाजे’ सांगितलं, केक सांगितला, इंजिनिअरच्या आजोबांचा तास सांगितला.

तिने टेबलावरच्या प्लॅस्टिकवर नख फिरवलं.

“म्हणजे दोन वर्षं मी कुणाच्या भावाला दिवा लावला?”

“माहीत नाही आंटी.”

“आणि माझा अजून तसाच.”

“हो.”

“मला माहीत होता तारीख,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “मी तुला बरोबर सांगितला होता. आणि कार्ड वाचलास तेव्हा पण म्हटलं, नाही. मग तू सांगितलंस आणि मी ऐकलं. ग्रॅज्युएट आहे, म्हटलं.”

तो शब्द मला लागायलाच हवा होता आणि लागला. मी म्हणाले, “पुन्हा लिहिते.”

“मी किती जगणार?”

“लिहिते तरी.”

“लिही,” ती म्हणाली. “आता पंपासारखा लिही. हुशारी नको.”

मी तसंच लिहिलं. त्याच टेबलावर, प्रत्येक ओळ तिला वाचून दाखवून. जन्मतारीख तिने सांगितली तशी, दिवस, महिना, वर्ष. आई-वडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. धंदा, घड्याळजी. आधीचा अर्ज माझ्या चुकीमुळे मोघम गेला होता असं स्वच्छ लिहिलं. ‘माझ्या चुकीमुळे’ हे जर्मनमध्ये लिहिताना तिने विचारलं, “हे कशाला?” मी म्हटलं, नाहीतर ते पुन्हा तोच पाठवतील. आणि पहिलं कार्ड ह्या माणसाचं नाही, त्याचे कोणी चौकशी करत आले तर त्यांच्यासाठी नोंद करून ठेवा, हेही लिहिलं. ती ओळ तिची.

पत्ता माझा डोंबिवलीचा दिला. जाताना ती म्हणाली, “तुझा खरा वाढदिवस कधी?”

मी आईला विचारलं. आई म्हणाली, “नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी. तुझा बाप होरी घेऊन गेला आन मी इकरं तुना घेऊन बसली.” साल तिला सांगता आलं नाही. तेवढं मी आंटीला कळवलं आणि तिने ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घेतलं, मोठ्या अक्षरांत, पुसट दिसत होतं तरी.

पुढची दोन वर्षं पोस्टमन आला की मी दार उघडायचे. ते पाकीट आलं तेव्हा मी कामावर होते आणि ते शेजारच्या काकूंनी घेऊन ठेवलेलं. आमच्या जिन्यात तोवर सगळ्यांना कळलेलं.

“जर्मनीला चाललीस का गं?” काकूंनी विचारलं. “सासूबाईंना सांगितलंस?”

“नाही हो काकू. एकाचं कार्ड आलंय.”

“लग्नाचं?”

“नाही,” मी म्हणाले, “पण पन्नास वर्षं वाट बघितलेलं आहे.”

मी पाकीट फोडलं नाही. ते आंटीचं होतं. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि ठाण्याला गेले. शुक्रवार होता, आई तिथेच ओट्यावर होती. तिने हात धुतले आणि उंबऱ्यापाशी बसली. आत बसत नसे, मासळीचा वास लागेल म्हणून.

ह्या वेळी कार्डाच्या दोन्ही बाजू होत्या, आणि आणखी एक कागद. मी आधी जन्मतारीख वाचली. डिसेंबर. दिवस तोच. वर्ष तेच.

आईने उंबऱ्यावरून विचारलं, “बरोबर हाय?”

“बरोबर आहे,” आंटी म्हणाली.

मी पुढे वाचत गेले. धंदा, घड्याळजी. वडिलांचं नाव, आईचं नाव, तिचं माहेरचं आडनाव. उंची, बांधा सडपातळ, केस तपकिरी, दोन दात नाहीत. येणाऱ्या भाषा, तीन. “तिसरा कुठला?” तिने विचारलं. इंग्रजी, मी म्हणाले. ती म्हणाली, “ते माझ्यासाठी शिकायला लागला होता. इथे यायचं म्हणून.”

मग कार्डाच्या मागच्या बाजूला एक रकाना होता, सगळ्यांत जवळचे नातेवाईक कोण, त्यांचा पत्ता काय. तिथे टाइप केलेलं होतं तिचं माहेरचं नाव, आणि पुढे, बहीण, आणि त्या डॉक्टरांच्या घराचा पत्ता, बॉम्बे, इंडिया.

मी ते दोनदा वाचलं. जर्मनीतल्या छावणीत कुणा कारकुनाने विचारलं असेल, तुझं कोण आहे, आणि ह्या मुलाने मुंबईचा पत्ता सांगितला, आणि त्याने तो मुकाट्याने टाइप केला. ते कार्ड त्या कपाटात पन्नास वर्षं ठाण्याच्या दिशेने तोंड करून उभं होतं आणि मी त्याच्यावर ‘अंदाजे’ टाकलं होतं.

दुसरा कागद म्हणजे येताना काढून घेतलेल्या वस्तूंची यादी. छापील नावं आणि पुढे आकडे. कोट एक. टोपी एक. बूट एक जोडी. घड्याळ, दोन.

“दोन?” आई म्हणाली.

“दोनच,” आंटी म्हणाली. “एक खिशात, एक हातात. म्हणायचा, एकाने दुसऱ्यावर लक्ष ठेवायचं.” यादीखाली त्याची सही होती. तिने कागद डोळ्यांजवळ नेला, अगदी नाकाला लावला, आणि सही बोटाने चाचपली, जणू नकलेवर शाई वर आली असेल.

मरणाची तारीख शेवटी वाचली. फेब्रुवारीतली होती. त्याला एकवीस पुरी होऊन दोन महिने झालेले. मी कागद खाली ठेवला आणि तिने मराठीत विचारलं, “हा नक्की?”

“नक्की,” मी म्हणाले. “ह्यात माझा अंदाज एकही नाही.”

निरोप गेला तसे हजान घरी आले आणि त्यांनी पंचांग उघडून त्यांच्या महिन्यातला दिवस काढला. उंबऱ्यावरून आई ऐकत होती. “म्हंजे तुमचीपन तिथीच लागते,” ती म्हणाली. “मंग ठीक. तारीख चुकंल, तिथी नाय चुकत.”

“तो दुसरा माणूस,” हजानांनी आंटीला विचारलं, “त्याचं आता काय करायचं?”

“त्याचा दिवा चालू राहील,” आंटी म्हणाली. “त्याचं कोणी नसेल तर?”

“बरोबर हाय,” आई म्हणाली. “लागलेला गिऱ्हाईक तोराचा नाय.” हजानही हसले.

तो दिवस आला तेव्हा मी आणि आई दोघी सिनेगॉगमध्ये गेलो. आईने टोपली बाहेर रखवालदाराजवळ ठेवली आणि त्याला बजावलं, मांजराकडे बघ. बायका वर सज्जात बसतात, आम्हीही वर गेलो. खाली दहापेक्षा जास्तच पुरुष जमले होते. रेल्वेतून रिटायर झालेली मंडळी, दोघं कॉलेजमधली मुलं. हजानांनी त्या भावाचं नाव घेतलं आणि त्याच्या वडिलांचं, आणि मग प्रार्थना सुरू झाली. आंटी सज्जातल्या पुढच्या बाकापाशी उभी होती. एकदाही मागे वळली नाही.

आईला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. थोड्या वेळाने ती माझ्या कानाशी वाकली.

“आता तारीख पक्की ना गो?”

“पक्की.”

“तूच वाचलीस ना? पुरी?”

“मीच वाचली. पुरी.”

तिने पदर सारखा केला आणि पलीकडे बसलेल्या बाईकडे सरकली. ती बाई तिची जुनी गिऱ्हाईक, शुक्रवारी पापलेट घेणारी. प्रार्थना चालू होती म्हणून आईने आवाज अगदी खाली आणला, पण मला ऐकू आलं.

“पयल्यांदा चुकली होती,” आई तिला सांगत होती. “मंग सोताच येऊन सांगितलान. माझी पोर हाय ती.”